उचलून जिना चढता येईल असा कॉम्प्युटर

मागच्या महिन्यात भाचीनं व्हॉट्सॲपवर एक यादी धाडली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहते, आणि दाजींनी तिला कॉम्प्युटरसाठी 70 हजार कबूल केलेत. यादीत रंगीत दिव्यांची रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या होत्या, काचेचं कॅबिनेट होतं, प्रोसेसर गार ठेवायला पाण्याचा कूलर होता. अगदी तळाला एक ओळ: 'एसएमपीएस, कुठलाही, 500 वॅट.' एसएमपीएस म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून पुरवणारी पेटी.

मी फोन लावला. म्हटलं, "यादी खालून वर लिही."

"मावशी, तू अल्बम करतेस. गेमिंगचं तुला काय माहीत?"

खरंय. मी गेम खेळत नाही. गावभागात लग्नाचे अल्बम डिझाइन करते, वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात माझा एक कॉम्प्युटर कृष्णेत बुडाला, एक जळाला, आणि तिसऱ्याचे भाग मी स्वतः निवडले. तो अजून चालतोय. पहिल्यांदा सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवणार असाल तर त्या तिघांचा हिशेब ऐका.

2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आम्ही माणसं, गॅसची टाकी आणि कागदपत्रं घेऊन निघालो. कॉम्प्युटर टेबलाखाली होता, तिथंच राहिला. पाणी उतरल्यावर लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणून घाईत एका दुकानातून तयार जुळवलेला डबा आणला. आत काय आहे ते विचारलंही नाही. फेब्रुवारीत, चार अल्बम अर्धवट असताना, दुपारी फट् असा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डलाही, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीलाही, घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, 450 वॅटचंच होतं की."

तो जळालेला एसएमपीएस मी फेकला नाही. शिकायला ठेवलाय. वर ठळक अक्षरांत 450 लिहिलंय. पण बाजूच्या लेबलवर बारीक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात +12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला 12नं गुणा. प्रोसेसर आणि पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड या दोघांचं पोट मुख्यतः याच 12 व्होल्टवर भरतं. माझ्या जळालेल्या एसएमपीएसवर 16 अँपिअर होते. सोळा बारं एकशेब्याण्णव. म्हणजे नाव 450चं आणि कामाचे वॅट 192. आता माझ्याकडे 550 वॅटचा आहे, त्यावर 45 अँपिअर लिहिलंय. होतात 540. दोन्ही हातांत धरून बघितले तर वजनातला फरक पोरालासुद्धा कळेल.

म्हणून पहिली खरेदी एसएमपीएसची. '80 प्लस ब्राँझ'चा शिक्का हवा, निदान 3 ते 5 वर्षांची वॉरंटी हवी, आणि अँपिअरचा तक्ता स्वतः वाचायचा. तो शिक्का विजेची किती बचत होते ते सांगतो, आतल्या मालाची हमी देत नाही. पण ज्याच्यावर तोही नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. किती वॅटचा घ्यायचा याचा हिशेब सोपा आहे. भाचीचा प्रोसेसर पूर्ण जोरात 90च्या आत, आरटीएक्स 5060 हे ग्राफिक्स कार्ड 145, बोर्ड-पंखे-डिस्क मिळून 50. तीनशेच्या आतबाहेर. वर ऐसपैस जागा सोडली तरी 550 पुरतो. 850चा घेऊन मिरवायची गरज नाही.

एसएमपीएसआधीही एक गोष्ट आहे, ती दुकानात मिळत नाही. अर्थिंग. चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बहुतेक नावालाच आहे. वायरमनला बोलावून तपासून घ्या. आमच्या जुन्या वाड्यात मीठ-कोळशाचा खड्डा आहे, एप्रिलमध्ये तो खडखडीत वाळतो. तेव्हापासून उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना एक बादली खड्ड्यातही जाते. भाचीच्या खोलीत तर थ्री पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. घरमालकाला सांगून वायर ओढून घेतली, मगच कॉम्प्युटर जोडला.

आता कामाकडे. भाग निवडायच्या आधी कागदावर लिहा, या डब्यावर रोज काय चालणार आहे. माझं उदाहरण देते. लग्नाच्या अल्बमचं एक पान उघडून 12 बाय 36 इंच असतं, 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके. म्हणजे 3600 गुणिले 10800, जवळपास 3 कोटी 89 लाख ठिपके. फोटोशॉपच्या एका थराला 111 एमबी लागतात. नवरानवरी, मागचं फूल, वरची नक्षी, सावली असे वीस थर झाले की दोन जीबीच्या वर गेलं, आणि मी 'अंडू' मारत असते ते वेगळंच. म्हणून मला रॅम जास्त लागते, 32 जीबी. ग्राफिक्स कार्ड मात्र मी आजवर घेतलेलं नाही. ज्याला टॅली आणि ब्राउझरच चालवायचाय त्याला 16 जीबी मुबलक. हा कागद हातात नसेल तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल तुमच्या गळ्यात मारतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही नवराबायकोची जोडी आहे, वेगवेगळी निवडता येत नाही. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, जुळलं पाहिजे. 2020 मध्ये मी एएमडी कंपनीचा रायझन 5 3400जी घेतला, एएम4 सॉकेटच्या बी450 बोर्डावर. नावातला 'जी' म्हणजे आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स. चार कोअरचा, म्हणजे काम करणाऱ्या चार हातांचा तो प्रोसेसर पुढं अपुरा पडायला लागला, तेव्हा बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि त्याच सॉकेटमध्ये सहा कोअरचा 5600जी बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. अर्ध्या तासाचं काम. म्हणून मी विचारते, या सॉकेटला पुढं भविष्य आहे का? भाचीला एएम5 सुचवला. तो 2022 मध्ये आला, त्यात फक्त डीडीआर5 या नव्या पिढीची रॅम चालते, आणि 2027 पर्यंत तरी त्याला साथ देऊ असं एएमडीनं जाहीर केलंय. इंटेलचा एलजीए 1700 सॉकेटही वाईट नाही. 12व्या, 13व्या, 14व्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसतात. पण ती गाडी तिथंच थांबते, इंटेलनं पुढच्या पिढीला सॉकेट बदललं. बोर्ड घेताना तो डीडीआर4चा आहे की डीडीआर5चा हेही बघा. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्ड न घेता असा प्रोसेसर आणला तर स्क्रीन काळीच राहील. एएमडीच्या 7500एफचंही तेच. इंटेलच्या नावात 'के' असेल तर खोक्यात पंखा येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. भाचीसाठी रायझन 5 7600 ठरला. सहा कोअर, आत कामापुरतं ग्राफिक्स, खोक्यात पंखा. उद्या कार्ड बिघडलं तरी प्रोजेक्ट अडायचा नाही. पाण्याचा कूलर यादीतून कटाप. 65 वॅटच्या प्रोसेसरला कशाला हवाय तो?

एक सांभाळा. नव्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना बोर्डावरच असतात. एक वाकली की बोर्डाच्या वॉरंटीवर पाणी. बोर्ड घेताना प्लास्टिकचं झाकण उघडायला लावून मोबाइलच्या उजेडात पिना बघा, आणि प्रोसेसर दुकानातच, तुमच्या डोळ्यांदेखत बसवून घ्या. यात कमीपणा काही नाही.

रॅमचे भाव 2025च्या शेवटी असे चढले की विचारू नका. एआयची डेटा सेंटरं सगळा माल ओढून घेतायत. म्हणून इथं आकडे लिहीत नाही, तुम्ही वाचाल तोवर ते शिळे होतील. कार्ड न घेता आतल्या ग्राफिक्सवर चालवायचं असेल तर दोन सारख्या पट्ट्या घ्याच, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं आणि दोन पट्ट्यांनी वेग बराच वाढतो. चार जागांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. भाचीकडे कार्ड आहे, म्हणून तिला 16 जीबीची एकच पट्टी घ्यायला लावली. भाव उतरले की तसलीच दुसरी. आठ-आठच्या दोन घेऊन पुढं त्या विकत बसण्यापेक्षा हे बरं. आणि कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एएमडीला एक्स्पो, इंटेलला एक्सएमपी चालू करा. नाहीतर 6000च्या वेगाचे पैसे मोजून रॅम 4800वर रखडत चालते.

स्टोरेजला, म्हणजे फाइली कायमच्या ठेवायला, एनव्हीएमई एसएसडी, बोर्डावरच बसणारी चपटी डिस्क, बास. केबलनं जोडायची जुन्या धर्तीची साटाची एसएसडी सेकंदाला 550 एमबीच्या आसपास थांबते, साधी तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई 3500पर्यंत जाते. सेकंदाला सहा-सात हजार एमबीवर जाणाऱ्या डिस्कनं माझ्या कामात डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही. 500 जीबीची घेतली की विंडोज 465 दाखवतं. फसवणूक नाही, मोजण्याची रीत वेगळी.

ग्राफिक्स कार्ड गेम, थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठीच घ्या. घ्यायचंच तर कार्डावरच्या 8 जीबी मेमरीच्या खाली उतरू नका. जोडल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा. भाचीनं ती बोर्डाला लावली आणि रात्री साडेदहाला फोन, "मावशी, गेम अडकतोय, कार्ड खराब निघालं."

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा, त्यावर रंग खरे दिसतात. रंगाचं काम असेल तर एसआरजीबी, म्हणजे रंगांचा ठरलेला संच, 99 टक्क्यांच्या पुढं दाखवतो का बघा. स्वस्तातल्या टीएन पॅनेलवर मी एका नवरीचा शालू मोरपंखी केला होता, छापून आला तो चक्क हिरवा.

कॅबिनेटवर मात्र मी हटून बसते. भाचीला काच हवी होती. मी तिला विचारलं, "हे उचलून तू दोन मजले चढशील?" गावभागातल्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो. माझं कॅबिनेट मायक्रो एटीएक्स या छोट्या मापाचं आहे, लोखंडी पत्र्याचं, काच नाही. बोर्डही त्याच मापाचा, 24 सेंटिमीटर चौरस. 2021च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेल्याचं कळलं, तशा मी केबल उपटल्या, डबा काखेत मारला आणि वरच्या मजल्यावर चढवला. दोन फेऱ्यांत मॉनिटरसकट सगळं वर. सामानाची घाई झालीच तर एसएसडी एका स्क्रूवर असते. ती काढून पाकिटात ठेवता येते, गिऱ्हाइकांची लग्नं तिच्यातच आहेत.

पुढची बाजू जाळीची हवी, काचेची किंवा बंद प्लास्टिकची नको. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो आणि आत हवा शिरलीच नाही तर पंखे नुसते बोंबलतात. जाळीमागं धुळीची गाळणी असावी आणि ती काढून धुता यावी. माझ्या जावेचं घर मार्केट यार्डाजवळ आहे. हळदीच्या हंगामात तिच्या कॉम्प्युटरची गाळणी काढली तर पिवळीधम्मक. कॅबिनेट घ्यायच्या आधी कार्डाची लांबी आत मावते का, तेही मिलिमीटरमध्ये बघून घ्या.

यूपीएस विसरू नका. 600 व्हीएचा म्हणजे साधारण 360 वॅट. माझ्या बिनकार्डाच्या डब्याला फाइल सेव्ह करण्यापुरता पुरतो. भाचीला 1 केव्हीए घ्यायला लावला, कारण गेम चालू असताना लाइट गेली तर छोटा यूपीएस तिथल्या तिथं मान टाकतो. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका.

कुठून घ्यायचं? सांगलीत मिळतं ते सांगलीत, नाही ते कोल्हापुरात, उरलेलं ऑनलाइन. बोर्ड आणि एसएमपीएस शक्यतो जवळून घ्या, कारण बिघडतात तेव्हा हेच दोघे, आणि परत न्यायला एसटीचं भाडं तुमचंच. सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते घेण्याआधी विचारा. 'ट्रे'चा प्रोसेसर स्वस्त सांगतात, तो सुट्टा माल असतो, त्याला कंपनीची वॉरंटी मिळत नाही. खोक्यातलाच मागा. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना व्हिडिओ काढा. आणि "बिल नको असेल तर कमी करतो" म्हटलं की पुढच्या दुकानात जा. जीएसटी 18 टक्के आहे, दुखतो, पण पक्क्या बिलावर सीरियल नंबर नसेल तर वॉरंटीच्या खिडकीवर तुम्हाला कोणी ओळखत नाही.

ते बिल हल्ली थर्मल कागदावर देतात. वर्षभरात अक्षरं उडून कोरा कागद हातात राहतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून एसएमपीएसच्या खोक्यात ठेवायची आणि सगळी खोकी माळ्यावर. भाचीच्या खोलीला माळा नाही, म्हणून तिची खोकी सध्या माझ्या वरच्या मजल्यावर पडलीत.