गनमेटलच्या जागी नायलॉन बुश: जाम का होतो, सैल का पडतो? या चुका टाळा

गनमेटलचा (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, काढून त्याच मापाचा कास्ट (साच्यात ओतलेल्या) नायलॉनचा बुश ठोकला की थोड्याच वेळात शाफ्ट जाम होतो आणि खापर नायलॉनवर फुटतं. चुकलेलं असतं माप. 40 मिमी शाफ्टला गनमेटलमध्ये 0.05 ते 0.08 मिमी क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा) पुरतो. नायलॉनला कोरड्या जागीसुद्धा 0.2 मिमीच्या आसपास द्यावा लागतो.

त्यात प्रेस फिटचा (बुश किंचित मोठा ठेवून दाबून बसवण्याचा) हिशेब बहुतेकांचा राहून जातो. 50 मिमीच्या हाउसिंगसाठी (बुश बसतो ते भोक) बुश बाहेरून 50.25 ठेवलात, तर दाबल्यावर बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोकही, जवळजवळ 0.25 ने आवळतो. म्हणून बोअर 40.2 नव्हे, 40.45 काढायचा. बसवल्यानंतर पुन्हा मोजायचा.

आता उष्णता. नायलॉन स्टीलच्या सहा-सात पट प्रसरण पावतो. तापमान 40 अंशांनी वाढलं, तर मोकळा 50 मिमी बुश 0.16 मिमी फुगेल. स्टीलचं हाउसिंग जेमतेम 0.024. बाहेर जागा नाही, म्हणून तो आत फुगतो. तापलेला असताना तो दबून बसतो आणि थंड झाल्यावर हाउसिंगमध्येच सैल पडून फिरू लागतो. ‘चालू असताना जाम, सकाळी सैल’ अशी तक्रार आली की कारण हेच समजा. नुसत्या प्रेस फिटवर विसंबू नका, पिन किंवा कॉलर द्या.

जाड बुश जास्त टिकतो, हाही गैरसमज. नायलॉनमधून उष्णता फार हळू बाहेर जाते, त्यामुळे भिंत जितकी जाड तितका आतला पृष्ठभाग तापतो. वर फुगायला माल जास्त. 40 च्या शाफ्टला 4-5 मिमी भिंत पुरे.

पाण्यातल्या कामाला नायलॉन टाळाच. बुडवून ठेवलेला कास्ट नायलॉन शेवटी वजनाच्या 6 ते 7 टक्के पाणी पितो आणि बोअर बंद होत जातो. तिथे अ‍ॅसिटाल (दुसरं एक कडक प्लास्टिक) घ्या, ते 1 टक्क्याच्या आतच पितं. मात्र तीव्र आम्ल किंवा क्लोरीन असेल तर अ‍ॅसिटालही चालत नाही.

लेथवर धार बोथट असेल तर माल कापला न जाता वितळून ओढला जातो. रफिंगनंतर (पहिल्या जाड कापणीनंतर) 1 मिमी शिल्लक ठेवून जॉब रात्रभर तसाच राहू द्या. रॉडमधला ताण मोकळा होतो, मग फिनिश करा. गरम जॉबवर मायक्रोमीटर लावू नका. चकही हलका आवळा, नाहीतर सोडल्यावर बोअर त्रिकोणी निघतो.

शाफ्ट खरखरीत असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते: Ra (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं माप) 0.4 ते 0.8 मायक्रॉन फिनिश हवा. ताकद वाढेल म्हणून काचतंतू भरलेला नायलॉन बुशला वापरू नका; मऊ शाफ्ट तो किसून काढतो.