कॉर्डलेस ब्लोअरने अंगण झाडायचं तर ट्रिगर अर्धाच दाबा

थंडी सरायला लागली की फणस, आंबा, काजू, जंगली बदाम सगळेच पानं टाकायला लागतात, आणि गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या ज्या घरांना पुढे मोठं अंगण आणि मागे पोरसं आहे तिथे सकाळी झाडलं तरी दुपारी परत तेच. म्हणून हल्ली बरेच जण बॅटरीवरचा ब्लोअर घेतायत. घेतात, दोन दिवस ट्रिगर पूर्ण दाबून घर्रघर्र करतात, बॅटरी दहा मिनिटांत बसते, अर्धी पानं शेजाऱ्याच्या दारात जातात आणि मग मशीन खोक्यात आणि खराटा परत हातात. मशीन वाईट नसतं हो, पण लोक ते पानं उडवायचं मशीन समजून वापरतात. ते पानं गोळा करायचं मशीन आहे. एवढं डोक्यात बसलं की ट्रिगर आपोआप हलका होतो.

आधी बॅटरीचं गणित बघा कारण सगळा खेळ तिथेच आहे. १८ व्होल्टची ४ एएचची (म्हणजे अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १८ गुणिले ४, झाले ७२ वॅट-तास. मोटर फुल स्पीडला समजा ४०० वॅट खात असेल तर ११ मिनिटांच्या आत बॅटरी संपणार, त्यात कंपनीचा काही दोष नाही. पण पंख्याची गंमत अशी की स्पीड जरा कमी केला की लागणारी वीज धाडकन खाली येते, साधारण स्पीडच्या घनाच्या हिशोबाने. म्हणजे पंखा ८० टक्के स्पीडवर ठेवला तर वीज लागते जवळपास निम्मी, आणि ५० टक्क्यांवर आणला तर कागदावर तरी आठवा हिस्सा. प्रत्यक्षात मोटरचे लॉसेस वगैरे धरून एवढा फायदा मिळत नाही पण तीच बॅटरी दुप्पट-तिप्पट वेळ आरामात चालते. सुकलेलं पान हलायला फुल स्पीड लागतच नाही. टर्बो बटण असेल तर ते कोपऱ्यात अडकलेल्या चार पानांसाठी दोन सेकंद, बस.

घेताना दोन आकडे बघा. एक हवेचा वेग आणि दुसरा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते. अंगणासाठी दुसरा जास्त महत्त्वाचा. ऑनलाइन जे छोटे, बारीक नळीचे स्वस्त ब्लोअर मिळतात ते खरं म्हणजे वर्कशॉपमधला भुसा आणि कॉम्प्युटरमधली धूळ उडवायचे, त्यांचा वेग जोरदार दिसतो पण हवेचा झोत पेन्सिलीएवढा, त्याने अंगण झाडायचं म्हणजे संध्याकाळ होईल. आणि बॅटरीवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असले आकडे छापलेले असतात त्यावर जाऊ नका. आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे ती १८ व्होल्टचीच बॅटरी, फुल चार्जला २१. बाकी सगळी स्टिकरची करामत. घरात आधीच ड्रिल किंवा ग्रास कटर असेल तर त्याच कंपनीचा, तीच बॅटरी बसणारा ब्लोअर घ्या, दुसरी बॅटरी आयती मिळते.

आता आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर कोण ना कोण गल्फला, बोटीवर नाहीतर लंडनला, त्यामुळे “येताना घेऊन ये रे” हे होतंच. तर सांगणाऱ्याने आणि आणणाऱ्याने दोघांनी ऐका. दुबई किंवा इंग्लंडचा चार्जर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त चौकोनी पिनांसाठी अडॅप्टर लागतो. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचाच असेल तर इथे लावायचा नाही, जळेल, मागे लिहिलेलं वाचा. आणि विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० ला एअरलाइनची आधी परवानगी, आणि १६० च्या वर प्रवासी विमानात नेताच येत नाही. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०, ती येईल. ५६ व्होल्टची ५ एएचवाली म्हणजे २८०, ती दुकानातच राहूदे.

वेळ कुठली? डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं, पान ओलं असतं आणि ओलं पान जमिनीला स्टॅम्पसारखं चिकटतं, तेव्हा सातला उठून ब्लोअर मारण्यात अर्थ नाही. ऊन जरा वर आलं, साडेआठ-नऊ झाले, पान खुळखुळायला लागलं की काढा. आणि दुपारच्या आत आटपा, कारण दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, किनाऱ्याकडे तर चांगलाच, मग तुम्ही पश्चिमेला ढकलायचं आणि वाऱ्याने ते परत तुमच्या पायात आणून टाकायचं. वारा असलाच तर तो पाठीवर घ्या, त्याच्याशी भांडू नका. आवाजाचं पण बघायला पाहिजे, बॅटरीचा ब्लोअर पेट्रोलवाल्यापेक्षा गरीब असला तरी मुका नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण नियम राहूदे, रविवारी सकाळी शेजारी झोपलेले असताना नका लावू एवढंच.

सुरू करायच्या आधी अंगणातून एक चक्कर. माडाची चुडतं, पडलेले नारळ, करवंट्या, फांद्या हाताने बाजूला करा, ते ब्लोअरचं काम नाही. वाळत घातलेली आमसोलं, मिरच्या, सोलं काढलेली भिरंडं काय असेल ते आत घ्या, नाहीतर घरात कोणाचं ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला माहिती आहे. डोळ्यांना गॉगल, नाकाला एन-९५, पायात बूट, चपला नाही. आपली तांबडी माती सुकली की इतकी बारीक होते की मास्क नसेल तर संध्याकाळपर्यंत नाकातून विटकरी रंग निघतो. फारच धूळ असेल तर आदल्या संध्याकाळी हलका पाण्याचा शिडकावा, हलकाच, चिखल नको. मागून हवा ओढायची जाळी असते तिथे ओढणी, लुंगीचं टोक, मोकळे केस जाऊ देऊ नका. जाळीत पान अडकलं तर आधी बॅटरी काढायची, मग बोट घालायचं, हा क्रम कधीच उलटा नाही.

आता खरं काम. घराच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि बाहेरच्या दिशेने जा. आधी कोपरे, पायऱ्या, कुंड्यांच्या मागची जागा रिकामी करून घ्या म्हणजे नंतर तिथली पानं झाडलेल्या भागात परत येत नाहीत. नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि तिरकं धरा, सरळ खाली रोखलं तर पानं चारी बाजूंना फाकतात आणि माती उकरली जाते. हात सावकाश डावीकडून उजवीकडे, एक पाऊल पुढे, परत तसंच. पानांची एक लांब ओळ तयार होत जाईल, ती ओळ पुढे सरकवत न्यायची. एका जागी डोंगर करून मग तो डोंगर ढकलायला जाऊ नका, ढीग गुडघ्याएवढा झाला की ब्लोअरची हवा त्याला हलवत नाही, नुसती वरची पानं मागे उडतात.

फणसाच्या पानाचं वेगळं तंत्र आहे. ते जाड, चामड्यासारखं, आणि पालथं पडलं की जमिनीला अगदी सपाट बसतं, वरून कितीही हवा मारा, ते आणखीच दाबलं जातं. तिथे नळी जवळजवळ जमिनीला टेकवून आडवी धरायची आणि पानाच्या कडेखाली हवा शिरेल असं करायचं. कड एकदा उचलली की पान स्वतःच उलटतं आणि पळतं. उलट बोगनवेलीची फुलं आणि चिंचेचा पाला इतका हलका की जरा जोर लावला तर तोंडावर येतो, तिथे नळी दोन फूट वर आणि स्पीड एकदम खाली. पोर्चसमोर खडी टाकलेली असेल तिथेही असंच, नाहीतर खडी उडून गाडीच्या काचेवर.

ताडपत्री मात्र हवीच. जुनी, पावसात लाकडांवर घालतो ती निळी चालते. ओळीच्या पुढे पसरा आणि तुमच्या बाजूची कड जमिनीला अगदी चिकटून ठेवा, तिच्या दोन टोकांवर एकेक चिरा. ही कड जरा जरी उचललेली राहिली तर हवा खालून शिरते, ताडपत्री फुगते आणि पानं तिच्यावर जायच्या ऐवजी खाली जातात. नीट बसवली की कमी स्पीडवर पानं गालिच्यावर चालत गेल्यासारखी आत जातात. चार कोपरे धरा, ओढत न्या.

कुठे वापरायचा नाही तेही सांगतो. शेणाने सारवलेल्या अंगणात नाही, सारवण पापुद्र्यांनी उडतं, तिथे खराटाच. तुळशीवृंदावनाभोवती रांगोळी आणि पेटती पणती असते, तिथे पण हिरांचा खराटा आणि दोन मिनिटं. राखेवर, विझलेल्या वाटणाऱ्या शेकोटीवर अजिबात नाही. कौलांवर चढून तर नाहीच, हातात मशीन आणि पायाखाली मंगळुरी कौलं हा जुगार आहे. मे महिन्यात पन्हळी साफ करायच्या असतील तर जमिनीवर उभं राहून लांब वाकडी नळी लावून करा, तशा मिळतात. आणि कंपाउंडच्या कडेला, चिऱ्यांच्या गडग्याला लागून महिनोन्‌महिने साचलेला जो पाला असतो तो आधी लांबून, कमी स्पीडवर, जरा थांबत थांबत हलवा, मुलं आणि कुत्रा दूर. फुरसं अशाच जागी बसतं आणि सुक्या पाल्यात ते दिसत नाही. दिसलंच तर मशीन बंद करून मागे व्हा आणि सर्पमित्राला बोलवा, ब्लोअरने हाकलायला जाऊ नका. तिथला पाला हाताने तर उचलूच नका, फावडं घ्या.

पानं रस्त्यावर किंवा गटारात ढकलणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, जूनमध्ये तेच गटार तुंबून तेच पाणी त्यांच्याच गेटातून आत येतं. आणि जाळायची पण नाहीत. सकाळी सकाळी पाला पेटवायची सवय आपल्याकडे जुनी आहे पण राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केलीय, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५ हजार भरपाई. त्यापेक्षा ताडपत्री सरळ माडाच्या आळ्यात रिकामी करा. आळ्यात पाला पसरला की उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागतं. फणसाची आणि काजूची पानं कुजायला वेळ घेतात, त्यांच्यावर थोडं शेण कालवून ओता, किंवा आधी ग्रास कटरने बारीक करा. पाला बुंध्याला टेकवू नका, हातभर जागा सोडा.

जून ते सप्टेंबर पानांसाठी ब्लोअर जवळपास बेकार, पावसात वापरायचा नसतोच आणि शेवाळ त्याने निघत नाही. धुतलेली स्कूटर पुसायच्या आधी सुकवायला, खिडक्यांच्या जाळ्यांवरची जळमटं उडवायला तेवढा चालतो. बॅटरी मात्र मशीनमध्ये लावून मागच्या पडवीत टाकून देऊ नका. काढून, अर्धी चार्ज ठेवून, म्हणजे चारपैकी दोन दिवे, घरात कोरड्या जागी डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. फुल चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर कधी कधी उठतच नाही. वापरून गरम झालेली असताना लगेच चार्जरवर नको, थंड होऊदे. समुद्राजवळ राहत असाल तर तिच्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसत जा, खारी हवा त्यांना खाते. चवथीच्या साफसफाईच्या आधी एकदा चार्ज लावून बघा. फुगलेली, भेगाळलेली किंवा चार्ज होताना चटका बसेल इतकी तापणारी दिसली तर ती गेली, तिला ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा जिथून घेतली त्या दुकानात नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून.