निळी लाईट लावून पेशीतलं प्रोटीन कसं उडवायचं: एलओव्ही२ डीग्रॉन वापरणाऱ्यांसाठी

जीन नॉकआउट केला, म्हणजे कायमचा बंद केला, की सेल्सना जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळतो आणि त्या दुसऱ्या वाटेने काम भागवतात, म्हणून प्रोटीन हव्या त्या वेळी घालवता आलं तर सिग्नलिंगचं (सेलच्या आत निरोप कसा पुढे जातो त्याचं) उत्तर जास्त स्वच्छ मिळतं. एलओव्ही२ हा वनस्पतींच्या फोटोट्रॉपिनमधला (निळी लाईट ओळखणाऱ्या प्रोटीनमधला) तुकडा, तो डीग्रॉनसकट आपल्या प्रोटीनला टॅग म्हणून जोडायचा; ४५० नॅनोमीटरच्या आसपासची लाईट पडली की त्याची जे-अल्फा हेलिक्स (टोकाची गुंडाळी) सुटते, तिथे दडवलेला डीग्रॉन (‘हे प्रोटीन तोडा’ अशी खूण) उघडा पडतो आणि प्रोटीअसोम, म्हणजे सेलमधलं प्रोटीन तोडणारं यंत्र, अख्खं प्रोटीन संपवतो. २०१३ मध्ये यीस्टमध्ये हे झालं, २०१४ मध्ये सस्तन प्राण्यांच्या सेल्समध्येही.

टॅग सी-टर्मिनसलाच (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाला) लावा, डीग्रॉनचं टोक मोकळं लागतं. पण रास या सिग्नलिंग प्रोटीनचं हेच टोक, शेपूट, त्याला मेम्ब्रेनला धरून ठेवतं, तिथे टॅग लावला तर प्रोटीन आधीच निकामी, मग लाईटचा परिणाम काय बघणार? प्रमोटर (प्रोटीन किती बनेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) साधा, कमजोर घ्या. सीएमव्ही या जोरदार प्रमोटरवर प्रोटीन इतकं बनत राहतं की तुटलेलं लगेच भरून निघतं आणि ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत) काही हललेलंच दिसत नाही.

प्रोटीन दिसावं म्हणून जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावू नका, ते बघायला ४८८ नॅनोमीटरचा लेसर मारला की एलओव्ही२ पण चालू होतो, म्हणजे बघता बघताच प्रोटीन तुटायला लागतं. लाल चमकणारं एमचेरी घ्या. ट्रान्सफेक्शननंतर (सेल्समध्ये डीएनए घातल्यावर) प्लेट फॉइलमध्ये, पुढचं सगळं, लायसिससुद्धा (सेल्स फोडणं), लाल लाईटमध्येच, इन्क्यूबेटरच्या दारातून येणारी ट्यूबलाईट पण मोजा.

लाईट सतत लावायची गरज नाही, ओटचा एलओव्ही२ अंधारात साधारण मिनिटभरात परत मिटतो, त्यामुळे थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असे पल्स पुरतात. हे महत्त्वाचं आहे कारण मीडियातलं (सेल्स वाढवायच्या द्रावणातलं) रायबोफ्लेविन निळ्या लाईटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, हेपीस हा बफर असेल तर अजून जास्त, आणि मग सेल्स ताणात येऊन इर्क आणि पी३८ ही सिग्नलिंग प्रोटीन्स आपोआप पेटतात, आपण समजतो प्रोटीन गेल्यामुळे झालं. एलईडीची गरमी वेगळीच, प्लेटखाली थर्मामीटर लावून बघा. आणि पॉवर मीटरने लाईट प्लेटच्या जागी मोजा, एलईडीच्या तोंडाशी नाही.

कंट्रोल तीन तरी हवेतच: टॅग नसलेल्या सेल्सना तेवढीच लाईट, टॅगवाल्या सेल्स पूर्ण अंधारात, आणि एलओव्ही२मधलं सिस्टीन ४५० (४५०व्या जागचं अमिनो आम्ल) बदललेला म्युटंट जो लाईट असूनही उघडत नाही. शिवाय प्रोटीअसोम बंद करणारं एमजी१३२ घालून प्रोटीन टिकतंय का बघा, टिकलं तर प्रोटीअसोमचंच काम. इर्क बघणार असाल तर दर टाइम पॉइंटला वेगळी प्लेट ठेवा, एकच प्लेट सारखी बाहेर काढली तर नुसत्या हलवाहलवीनेही सिग्नल बदलतो.

प्रोटीन परत यायला मात्र नवीन बनावं लागतं, लाईट बंद केली की लगेच येत नाही. झटपट चालू-बंद हवं असेल तर फायटोक्रोम बी आणि पिफ या वनस्पतींच्या प्रोटीन्सची जोडी बघा, ६५० नॅनोमीटरला जुळते, ७५०ला सुटते, तिच्याने एसओएस (रासला चालू करणारं प्रोटीन) मेम्ब्रेनवर आणून रास चालू करतात, फक्त आपल्या सेल्समध्ये पीसीबी (फायटोक्रोमला लाईट पकडायला लागणारं रंगद्रव्य) बाहेरून घालावं लागतं.