आर्क्टिकमधलं पुरातत्त्व, समुद्राची पातळी आणि माझे वाया गेलेले चार महिने

उत्तर नॉर्वेत पुरातत्त्वाचं मास्टर्स करायला आले तेव्हा समुद्राची पातळी म्हटलं की माझ्या डोक्यात एकच चित्र, बुडालेली द्वारका. समुद्र चढतो, वस्ती पाण्याखाली जाते, संपलं. हिमयुगात पाणी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होतं आणि बर्फ वितळल्यावर वर आलं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण उत्तर नॉर्वेतल्या आल्टा गावाला खडकांवर कोरलेली रेनडियर, अस्वलं, होड्या आहेत, सगळ्यात जुनी सुमारे ७००० वर्षांपूर्वीची, आणि ती कोरली तेव्हा लाटा जवळपास त्याच खडकांवर येत होत्या. आज ती समुद्रापासून साधारण ८ ते २६ मीटर वर आहेत, वरची जुनी, खालची नवी. समुद्र उतरला म्हणून नाही हो, जमीन उठली म्हणून. बर्फाचं ओझं गेलं आणि दबलेली जमीन वर यायला लागली, बॉथनियाच्या आखाताकडे तर अजूनही वर्षाला ८-९ मिलिमीटर येतेय.

एवढं मलाही पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तरी फसले.

झालं असं की मला फिनमार्कच्या, म्हणजे आल्टा ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरच्या वस्त्यांचा नकाशा करायचा होता. माणसं सील, मासे, होड्या यांच्यासाठी पाण्याला चिकटून राहायची, त्यामुळे जुना किनारा सापडला की वस्ती कुठं शोधायची ते कळतं, हा साधा हिशोब. मी एका फ्योर्डच्या (जमिनीत खोल घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) आतल्या टोकाचा आलेख घेतला, म्हणजे कोणत्या काळी समुद्राचा किनारा आजच्यापेक्षा किती उंचीवर होता ते दाखवणारा, त्यावरून ठरावीक वर्षासाठी उंची काढली, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उंचीची एक रेघ अख्ख्या जिल्ह्याला मारली आणि खालचं सगळं निळं केलं, बादलीत पाणी भरावं तसं. नकाशा इतका देखणा आला की काय सांगू. फक्त बाहेरच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. यावर शहाण्या माणसाने नकाशावर संशय घेतला असता, मी मात्र दोन पानं लिहिली की बाहेरच्या किनाऱ्यावर लोक फार उशिरा आले!

चूक कुठं होती ते नीट वाचा, कारण दरवर्षी कोणीतरी यात पडतंच. कापसाच्या गादीवर मधोमध आजोबा बसलेत असं समजा. ते उठले की मधला खड्डा जास्त वर येतो, कडेला थोडंसंच. बर्फ आतल्या बाजूला जाड होता, समुद्राकडे पातळ, म्हणून आतली जमीन जास्त उठली. म्हणजे एकाच काळातला किनारा आज आडवा राहिलेलाच नाही, तो कललेला आहे. समजा आत तो २६ मीटरवर असेल तर बाहेर त्याच वयाचा किनारा त्याच्या निम्म्या उंचीवरही असू शकतो. शिवाय बाहेरच्या भागात मध्ये काही काळ समुद्र जमिनीपेक्षा वेगाने चढला आणि आधीच्या वस्त्यांवर वाळू-गोटे टाकून गेला. त्यामुळे आलेख त्याच जागेचा हवा, शेजारच्या फ्योर्डचा चालत नाही, जगाचा सरासरी आलेख तर अजिबातच नाही.

आणि उंचीवरून मिळतं ते जास्तीत जास्त वय. जमीन पाण्याबाहेर आल्याशिवाय तिथं घर होणार नाही, पण हजार वर्षांनी कोणी येऊन राहिलं तर उंचीला ते कसं कळणार?

घाबरू नका, उंचीवरून वय काढायचा नियम निरुपयोगी नाहीये. कॅनडात इग्लूलिकला योर्गन मेलगॉर्ड या डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९५० च्या दशकात हेच वापरलं, सगळ्यात जुन्या वस्त्या सुमारे ५० मीटरवर, नंतरच्या डॉर्सेट नावाच्या संस्कृतीतल्या लोकांच्या त्याखालच्या पायऱ्यांवर. पण सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव बेटावर जा, सगळं उलटं. तिथं जाड बर्फाचं ओझंच नव्हतं, म्हणून समुद्र नुसता चढत गेला. सुमारे ९००० वर्षांपूर्वी तिथं ध्रुवीय अस्वलं आणि रेनडियर मारणारे लोक राहत होते, कुत्रे पाळत होते, आणि ते बेट तेव्हा बेट नव्हतंच, मुख्य भूमीला जोडलेलं होतं. त्यांचा किनारा आज समुद्राच्या तळाशी आहे.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मोठ्या नावाच्या गाईडच्या मागे लागू नका, माझ्या गाईडने तो नकाशा दोनदा पाहिला आणि रंग छान आहेत म्हणाले. चूक दाखवली ती तळ्यातल्या गाळाचे कोअर (नळीने काढलेले उभे नमुने) काढणाऱ्या एका पोस्टडॉकने. गाळात खाऱ्या पाण्याचे डायटम (सूक्ष्म शैवाल) संपून गोड्या पाण्याचे कुठं सुरू होतात ते बघून तळं समुद्रापासून कधी तुटलं ते कळतं, आलेख त्यातून बनतो. अशा माणसांबरोबर कॉफी प्या. पीडीएफमधला आलेख माउसने ट्रेस करायचा शॉर्टकट मारू नका, त्यात आकड्यांची अनिश्चितता (एरर) नेमकी सुटून जाते. सीलच्या हाडांची कार्बन तारीख समुद्री करेक्शनशिवाय (समुद्रातल्या जुन्या कार्बनसाठीच्या दुरुस्तीशिवाय) वापरली तर शेकडो वर्षं जास्त जुनी दिसते, तेही लक्षात ठेवा.

भूगर्भशास्त्राची डिग्री नाही म्हणून मागे हटू नका मात्र. १९२५ मध्ये आल्टाजवळच्या कोम्सा डोंगरावर अश्मयुगीन हत्यारं शोधणारे आन्दर्स नुम्मेदाल शाळामास्तर होते, आणि जुन्या किनाऱ्यांच्या उंचीवर नजर ठेवूनच ते शोधत फिरायचे.

पोस्टडॉक म्हणाली, स्क्रीन बंद कर आणि आल्टाचे खडक पायांनी चढून ये. मी लगेच तिकीट काढलं. फेब्रुवारीचं. सगळी चित्रं बर्फाखाली. तुम्ही जूननंतर जा.