मोठ्या जनावरासाठी रायफलची गोळी निवडताना या चुका टाळा

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे भारतात शिकारीला बंदी आहे आणि नागपूर जिल्ह्यात पिकात घुसणाऱ्या रानडुकरावरही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही. त्यामुळे हे विवेचन नामिबिया किंवा टेक्सासमध्ये रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या नागपूरकरांपुरतेच आहे.

रेंजवर ज्या गोळीने उत्तम ग्रुपिंग येते (म्हणजे सगळे नेम जवळजवळ लागतात) तीच जनावरालाही चालेल, हा समज सर्वांत घातक ठरतो. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी बहुधा तोंड न पसरता आरपार निघून जाते. जखमेचे छिद्र बारीक असते, रक्ताचा माग मिळत नाही आणि जनावर तडफडत दूर निघून जाते. स्पर्धेची पातळ आवरणाची गोळी उलट खांद्याच्या हाडावरच फुटते आणि जखम मोठी दिसली तरी उथळ राहते. १९४६ मध्ये अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस हरणाच्या खांद्यावर अशाच निकामी ठरल्या. त्यातूनच त्यांनी मधोमध धातूचा आडपडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. तिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा अखंड राहून खोल जातो. आपल्याकडचा रोही (नीलगाय) टेक्सासमध्ये नेऊन सोडलेला असून तेथे त्याची शिकार होते. त्याची जाड कातडी आणि रुंद खांदे पाहता बॉन्डेड (आवरण आतल्या शिशाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची गोळीच घ्यावी, असे माझे मत आहे.

दुसरी चूक म्हणजे बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आकड्यावर विसंबणे. नामिबियात कुडूसाठी (आफ्रिकेतले मोठे हरीण) नळीच्या तोंडाशी किमान २७०० ज्यूल, तर रानम्हशीसाठी ५४०० ज्यूल ऊर्जा लागते. .३०-०६ या काडतुसातील १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी सुमारे ३९०० ज्यूल देते, म्हणजे कुडूला पुरेशी पण रानम्हशीला अपुरी, तेथे .३७५ एच अँड एच हे अधिक ताकदीचे काडतूस लागते. बढाया मारणाऱ्यांना हा हिशेब सहसा रुचत नाही.

तांब्याची गोळी घेताना जुन्याच वजनाचा हट्ट धरू नये. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते आणि नळीतले गोळीला फिरकी देणारे पीळ सावकाश असतील तर ती हवेत डगमगते. १८० ऐवजी १५० किंवा १६५ ग्रेन बहुधा पुरते. मात्र दूरच्या अंतरावर वेग फार घटला, तर तिचे तोंड उघडत नाही, म्हणून उत्पादकाने सांगितलेला किमान वेग आधी पाहावा.

खोक्यावरचे नाव तेच असले तरी लॉट (उत्पादनाची खेप) बदलल्यास मारा सरकू शकतो. शिकारीसाठी नेलेल्या काडतुसांपैकीच तीन-चार कॅम्पवर पोचताच कागदावर झाडून स्कोप पुन्हा जुळवून घ्यावा.