पॉइंट टू-टू रायफलचा स्कोप (नेमाची दुर्बीण) ५० मीटरवर झीरो करताना, म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल असा जुळवताना

आधी स्कोप रायफलवर बसवणाऱ्या माउंटचे स्क्रू तपासा. स्कोप ऐनवेळी ‘बिघडतो’, तेव्हा बऱ्याचदा दोष ढिल्या स्क्रूचाच. वाळूची पिशवी पुढच्या लाकडाखाली ठेवा. नळीखाली नको, मार (गोळी लागायची जागा) सरकतो.

पहिल्या गोळ्या २५ मीटरवर मारा, म्हणजे कागद तरी सापडेल. मग ५० मीटरवर एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) पाच. एका गोळीवर स्कोपचा नॉब फिरवायचा मोह आवरा. पाचांचा मध्य काढा आणि बुलपासूनचं (टार्गेटच्या मधल्या ठिपक्यापासूनचं) अंतर पट्टीने मोजा. एका क्लिकला पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकणाऱ्या स्कोपला ५० मीटरवर एक क्लिक म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर. मार ३६ मिलिमीटर खाली असेल, तर ‘अप’कडे दहा क्लिक. नॉबवरचा बाण गोळी कुठे न्यायची ते दाखवतो, इथे भलेभले उलटं फिरवतात. पुन्हा पाच मारून खात्री करा.

डोकं किंचित हलवल्यावर स्कोपमधला क्रॉस बुलवरून सरकत असेल, तर तो पॅरलॅक्स. गाल रोज एकाच जागी टेकवा. नागपूरच्या मे महिन्यात मात्र सकाळी आठच्या आत आटपा. नंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांत टार्गेटच नाचतं, आणि माणूस बिचाऱ्या नॉबला छळतो.