गॅस गिझर पेटत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी या चुका टाळा

“आई, टिकटिकच होत नाहीये!”

बाथरूममधून ही हाक आली की आमच्या घरात तिघं तीन दिशांना धावायचे. नवरा सिलिंडर हलवून बघायचा, सासूबाई रेग्युलेटर काढून परत बसवायच्या आणि मी मेकॅनिकचा नंबर शोधायचे. डिसेंबरात एका मेकॅनिकने “व्हॉल्व्ह गेलाय ताई” म्हणून साडेअकराशे रुपये घेतले. आठ दिवस गिझर शहाण्यासारखा चालला, नवव्या दिवशी पुन्हा मुका. तेव्हा माझे वडील मुलुंडला आमच्याकडे राहायला आले होते. अण्णांचं उभं आयुष्य बस दुरुस्त करण्यात गेलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “सेल बघितलेस का गं?”

नव्हते बघितले. अण्णांनी गिझरच्या तळाची सेलची डबी ओढून काढली, तर आतल्या पत्तीवर हिरवट गंज आणि एका सेलमधून पाझरून वाळलेला पांढरा थर. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा मागितला, पत्ती घासून पिवळीधमक केली, नवे दोन जाडे सेल घातले आणि नळ सोडला. टिक-टिक-टिक-भप्प. मी साडेअकराशेची पावती अण्णांना दाखवलीच नाही.

सगळे उलट्या टोकाकडून सुरुवात करतात

गिझर पेटला नाही की आपला हात आधी गॅसकडे जातो. खरं तर गॅस या साखळीत सर्वांत शेवटी येतो. गरम पाण्याचा नळ सोडला की वाहतं पाणी गिझरमधल्या रबरी पडद्याला ढकलतं. पडदा एक पिन सरकवतो, पिन एक बारीक स्विच दाबते, मग सेलमधून वीज जाते, ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे आधी पाणी, मग सेल, मग गॅस. तपासायचंही याच क्रमाने.

यासाठी कान पुरतो. नळ सोडल्यावर टिकटिक अजिबात नाही, तर दोष पाण्यात किंवा सेलमध्ये. सिलिंडरला हात लावू नका. टिकटिक जोरात होते पण पेट घेत नाही, तर गॅसकडे वळा. पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो, तर पुन्हा आधी सेल. ठिणगीपुरता जोर त्यांच्यात असतो, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवण्याइतका उरलेला नसतो. नवे सेल घालूनही तसंच झालं, तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर काजळी बसलेली असू शकते. ते काम मेकॅनिकचं. आणि बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. बऱ्याच गिझरना तेवढ्या वेळाने आपोआप बंद व्हायची सोय असते. नळ बंद करून पुन्हा सोडायचा. माझ्या जावेने हा “बिघाड” दोनदा दुरुस्त करून घेतलाय.

सेलबाबत अजून एक. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावू नका. भिंतीवरच्या घड्याळातून किंवा टॉर्चमधून काढलेले “अजून चालतात की” सेल तर नकोतच. मे महिन्यात गिझर लागत नाही तेव्हा सेल काढून ठेवा. आत राहिले की जूनच्या दमट हवेत पत्ती गंजलीच म्हणून समजा.

टाकीखालच्या मजल्याचं दुखणं

आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे सर्वांत वर. लोकांना वाटतं, टाकी डोक्यावर म्हणजे पाणी भरपूर. उलट आहे. पाण्याचा दाब उंचीच्या फरकातून येतो आणि आमच्या टाकीत न् शॉवरमध्ये दोन-अडीच मीटरचं अंतर. आमच्या गिझरच्या पट्टीवर किमान दाब ०.०२५ एमपीए (मेगापास्कल) असा छापलाय. तो म्हणजे साधारण अडीच मीटर पाण्याचा दाब. टाकी भरलेली असली की गिझर पेटतो, अर्धी झाली की रुसतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे याच कंपनीचा गिझर कुरकुर न करता चालतो, तो यामुळेच.

एक गंमत खूप उशिरा लक्षात आली. शॉवरला न पेटणारा गिझर खालच्या नळाला बादली लावली की पेटतो. नळ शॉवरपेक्षा चार-पाच फूट खाली, तेवढा दाब जास्त मिळतो. तुमच्याकडे असं होत असेल तर गिझरला दोष देऊ नका. आधी शॉवरची चकती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, क्षारांनी बुजलेली भोकं मोकळी होतात. त्याने भागलं नाही तर टाकीपासून जाड पाइप किंवा छोटा प्रेशर पंप, हाच इलाज. मेकॅनिक पडदा बदलून देईल, पैसे घेईल, पण टाकी काही वर उचलून देणार नाही.

तळमजल्यावरही पाणी कमी येऊ शकतं आणि त्याचं कारण बहुधा जाळी असतं. थंड पाणी गिझरमध्ये शिरतं त्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत इमारतीतले गिझर एकामागून एक बंद पडले, तर सगळ्यांचे व्हॉल्व्ह एकदम गेलेले नसतात. तळाचा गाळ हलून जाळ्यांत अडकलेला असतो. खालचा अँगल कॉक बंद करा, पाइपचा नट पान्याने सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा. परत लावताना वायसर विसरू नका. मी विसरले होते, खालच्या मजल्यावरून लगेच तक्रार आली.

मुंबईला येणारं तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी तसं मऊ. टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळायला लागलं की गिझरच्या तांब्याच्या नळीत क्षार बसतात. आतून किटली उकळल्यासारखा खळखळ आवाज येतो आणि गरम पाण्याची धार थंडपेक्षा बारीक होते. वर्षातून एकदा नळी आतून धुऊन घ्या.

नवऱ्याच्या मित्राने टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन केलीय. त्यातही असाच गिझर. तो दर सेकंदाला पेटायचा-विझायचा. तिथे पाणी बारा व्होल्टच्या पंपावर, आणि पंप धडधडत धक्क्याधक्क्याने पाणी ढकलतो, त्यामुळे पडदाही तसाच नाचतो. पंपानंतर दाब सांभाळणारी छोटी टाकी बसवल्यावर गिझर शांत झाला. अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये प्रोपेनवर चालणारे बंब असतात, साधारण २२ लिटर पाणी साठवणारे. तिथली नेहमीची रड वेगळी. थंडीत गाडी उभी करताना पाणी बंबात न शिरता वळसा घालून जावं म्हणून एक तोटी फिरवतात, पुढच्या सहलीत ती परत फिरवायची राहते आणि नळाला कोमट पाणी येत राहतं. बंब बिचारा आत उकळत असतो.

अर्ध्या आंघोळीत गार पाणी

डोक्याला शॅम्पू, डोळे मिटलेले, आणि शॉवर गार! पाणी फार गरम लागतं म्हणून आपण थंडचा नळ सोडतो. दाब तिकडे वाटला जातो, गिझरमधलं पाणी मंदावतं, पडदा मागे सरकतो आणि गिझर विझतो. किंवा मंदावलेलं पाणी इतकं तापतं की जास्त तापल्यावर बंद करणारी सुरक्षा कामाला लागते. दोन्हीकडून आंघोळ गारच.

गरमपणा थंड पाणी मिसळून नव्हे, गिझरच्या बटणाने कमी करायचा. उन्हाळा-हिवाळ्याचं बटण शोभेसाठी नसतं, उन्हाळ्यावर ठेवलं की कमी बर्नर पेटतात. मुंबईत हिवाळा तो किती! जानेवारीचा एखादा आठवडा सोडला तर आमचं बटण बारमाही उन्हाळ्यावर असतं.

गॅसची पाळी

टिकटिक चांगली, पाणी चांगलं, तरी पेट नाही. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपमध्ये हवा असते, दोन-तीन वेळा नळ सोड-बंद केला की गॅस पोचतो. दहा वेळा नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस आत साचतो आणि अकराव्या वेळी एकदम पेट घेतो. पेटताना हलकं “भप्प” झालं तर ठीक. दणका बसला, गिझरचं झाकण हललं, तर गॅस बंद करून थांबा, माणूस बोलवा.

नारिंगी सुरक्षा पाइपवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी तो बदलायचाच. उंदरांची ये-जा असेल तर मागची बाजू हाताने चाचपून बघा. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग आमच्याही इमारतीत आहेत.

“गिझर घेतल्यापासून सिलिंडर महिनाभरही पुरत नाही, गळत असणार,” असंही ऐकू येतं. हिशोब करा. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास नऊशे ग्रॅम गॅस खातो. पाच माणसं, प्रत्येकी आठ मिनिटं, म्हणजे रोज सहाशे ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर २३-२४ दिवसांत संपायलाच हवा. गळत काही नाही, मुलं शॉवरखाली गाणी म्हणतायत.

घरात पाइपचा गॅस आला, जुना गिझर तसाच जोडला

ही चूक मी सोसायटीत तीन घरी पाहिली. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येणारा. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, दाब २१ मिलिबार आणि तेवढ्याच आकारमानात उष्णता निम्म्याहून कमी. त्यामुळे जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडांची, भोकं वेगळी लागतात. सिलिंडरचा गिझर पाइपवर जोडला तर ज्योत मिणमिणते, पाणी कोमट येतं, वैताग तेवढा होतो. उलटं केलं, पाइपवरचा गिझर गावी नेऊन सिलिंडरला लावला, तर ज्योत पिवळी, लांब, धूर सोडणारी होते. ते धोक्याचं. जेट बदलून मिळतात, पण ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं. सुई घालून भोक “थोडं मोठं” करणाऱ्याला जिन्यातूनच परत पाठवा.

गिझर चांगला चालतोय, तेव्हाची चूक

इथवरचे बिघाड फार तर तुमची आठ बाराची लोकल चुकवतील. न पेटणारा गिझर कुणाचा जीव घेत नाही. घेतो तो झकास पेटणारा, बंद बाथरूममधला.

जळायला प्राणवायू लागतो. मुंबईच्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये, दार-खिडकी लावून, एकामागून एक तिघांनी आंघोळ केली की तो कमी पडू लागतो. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम घातलेला असतो. जळताना तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, समोरची कडी काढायचं सुचत नाही.

म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर. सिलिंडर तर बाथरूममध्ये कधीच नाही, तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. “आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे” हे उत्तर पुरेसं नाही. बंद खोलीत फॅन हवा बाहेर ओढायला लागला की गिझरच्या धुराड्यातला धूरही उलटा आत येऊ शकतो. जागा बदलेपर्यंत निदान एवढं करा: खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला बसा.

आमचा गिझर ड्राय बाल्कनीत आहे, तरी दोनदा घोटाळा झालाच. गेल्या पावसाळ्यात झड आत येते म्हणून नवऱ्याने ग्रिलला प्लॅस्टिक घट्ट बांधलं. मोकळी बाल्कनी बंद डबा झाली. दोन दिवसांनी ज्योतीचं टोक पिवळं दिसलं आणि वरच्या भिंतीवर काजळीची बोटं उमटली. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की त्याच क्षणी बंद, कारण नंतर शोधा. दुसऱ्यांदा जाळीच्या फटीतून आलेल्या कबुतराने गिझरच्या डोक्यावर, धूर निघतो नेमका तिथेच, काड्यांचं घरटं मांडलं. अंडी घातली म्हणून सासूबाई ते काढू देईनात. मग पिल्लं उडेपर्यंत आम्ही चुलीवर पाणी तापवलं, म्हणजे अर्थात गॅसच्या शेगडीवर.

आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर विचार करत बसू नका. दार उघडा, मोडावं लागलं तरी मोडा, बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, लगेच हॉस्पिटल गाठा. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, फॅनही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि घराबाहेर पडून १९०६ ला फोन. हा एलपीजी गळतीचा मदत क्रमांक आमच्या सिलिंडरच्या कप्प्यावर मार्करने लिहून ठेवलाय. अक्षर अण्णांचं आहे, जाताना लिहून गेले.